उसनं विरजण आणि जोशींचा वाढदिवस

मैत्रिणींनो, शिकवणीला येणारी मुलं कॉम्प्युटरवरचं 'सेव्ह'चं चौकोनी चित्र दाखवून विचारतात, "बाई, हे कसलं चित्र?" फ्लॉपीचं, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "फ्लॉपी म्हणजे?" तेव्हा या आठवड्यात थोडं फ्लॉपीविषयी, आणि तिच्याबरोबर फिरलेल्या रोगाविषयी.

फ्लॉपी म्हणजे माहिती साठवायची पातळ चकती. साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ एमबी माहिती मावायची. कुणाकडून खेळ आणा, कुणाला पत्राचा मजकूर द्या, सगळं तिच्यावरून. उसन्या विरजणासारखंच! विरजण चांगलं तर दही छान, बिघडलेलं असेल तर अख्खं पातेलं नासतं. आणि त्यातलंच चमचाभर शेजारी दिलं की तिचंही.

फ्लॉपी आत विसरून कॉम्प्युटर चालू केला की तो आधी तिचाच पहिला भाग वाचायचा. व्हायरस नेमका तिथं दबा धरून बसलेला असे. तिथून तो कॉम्प्युटरमधे शिरायचा आणि पुढे घातलेल्या प्रत्येक फ्लॉपीला लागायचा. १९८६ सालचा 'ब्रेन' हा लाहोरच्या दोन भावांचा. त्यांनी तर व्हायरसमधे आपलं नाव, पत्ता, फोन नंबरही घातला होता!

१९९० मधे भारतात एक आढळला, त्याचं नाव चक्क 'जोशी'. ५ जानेवारीला कॉम्प्युटर अडून बसायचा आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करायला सांगायचा. शुभेच्छा दिल्या की गाडी पुढे. हसू येतं ना? पण 'मायकेलँजेलो' तेवढा सोज्वळ नव्हता. ६ मार्च या त्या कलावंताच्या जन्मदिवशी तो कॉम्प्युटरमधली माहितीच पुसून टाकायचा. १९९२ साली त्याची जगभर धास्ती होती. त्या दिवशी कॉम्प्युटर बंदच ठेवा, नाही तर त्यातली तारीख पुढे सरकवा, असे साधे उपाय लोकांनी केले.

खरा इलाज मात्र आपल्या पुण्यात घडला, याचा मला फार अभिमान वाटतो. मूळचे साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर. शिक्षण दहावीपर्यंत. पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्त करता करता ते कॉम्प्युटर दुरुस्तीत शिरले. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होता. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरस सापडू लागले, तसे संजय त्यांवर औषध लिहू लागले. त्यातूनच 'क्विक हील' उभं राहिलं. १९९५ मधे कंपनी नोंदली गेली, २०१६ मधे तिचे शेअर बाजारात आले. आमच्या येरवड्याला लागून असलेल्या विमाननगरला तिचं कार्यालय आहे.

आता फ्लॉपी गेली, पण विरजणाची देवाणघेवाण थांबलेली नाही. ती मोबाइलवर आली आहे. लग्नपत्रिका म्हणून 'एपीके' फाइल येते. ओळखीच्याच नंबरावरून येते, म्हणून विश्वासानं उघडली जाते, आणि बँकेतले पैसे जातात. भिशीचे, मुलांच्या फीचे, औषधांसाठी बाजूला ठेवलेले!

म्हणून एवढं सांभाळा. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. शेवटी 'एपीके' दिसलं तर हात लावू नका. पाठवणाऱ्याला फोन करून विचारा, "तुम्हीच पाठवलंत का?" त्यात भिडस्तपणा नको. कुणाचा पेनड्राइव्ह आला तर आधी तपासा. महत्त्वाच्या कागदांची, फोटोंची एक प्रत वेगळी ठेवा. आणि पैसे गेलेच, तर घरचे रागावतील म्हणून गप्प बसू नका. लगेच १९३० नंबरावर फोन लावा आणि बँकेला कळवा. जेवढी घाई कराल, तेवढी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त. लाज फसवणाऱ्याला वाटायला हवी, आपल्याला नव्हे.