विश्लेषण: गुटखाबंदी असूनही गालाच्या आतला कॅन्सर का थांबत नाही?

महाराष्ट्रात जुलै 2012 मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आली. तरीही 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत राज्यातील 24.4 टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू खाताना आढळले. धूम्रपान करणारे जेमतेम 3.8 टक्के होते. म्हणजे आपल्याकडे तंबाखू ओढण्यापेक्षा कितीतरी जास्त चघळली जाते. गाल आणि खालची हिरडी यांच्यामधल्या ज्या खाचेत बार धरला जातो, तिथेच बहुतेकदा आजार सुरू होतो.

तोंडात नेमके काय होते?

तंबाखूतली रसायने पेशींच्या डीएनएला इजा करतात, चुना अस्तराचा दाह वाढवतो. सुपारीचे काम वेगळे. तिच्यामुळे अस्तराखाली तंतू साचतात, गाल पांढुरका आणि ताठ होतो, तिखट सोसवत नाही, तोंड उघडेनासे होते. हा सबम्युकस फायब्रोसिस. तो कॅन्सर नव्हे, पण त्यातून कॅन्सर होऊ शकतो. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कॅन्सरकारक आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा निष्कर्ष आहे. साधी सुपारी मात्र बंदीबाहेरच आहे, आणि जेवणानंतर ती पुढे करणे हा आपल्याकडे पाहुणचार!

तो पसरतो कसा?

पांढरा किंवा लाल चट्टा बरीच वर्षे दुखत नाही. इथेच घात होतो. गाठ अस्तर भेदून गालाच्या स्नायूत शिरते. तिथून बाहेर त्वचेकडे, खाली जबड्याच्या हाडात किंवा मागे चावण्याच्या स्नायूंकडे सरकते. मागे गेली की जबडा आवळतो आणि शस्त्रक्रिया अवघड होते. पेशी जबड्याखालच्या आणि मानेतल्या लसिकाग्रंथींतही पोहोचतात, कधी हाताला गाठ लागण्याआधीच. म्हणूनच मुंबईच्या टाटा रुग्णालयाचा 2015 मधील अभ्यास महत्त्वाचा ठरतो. सुरुवातीच्या टप्प्यातील मुखकर्करोगात मानेतल्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढलेल्यांपैकी 80 टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. ग्रंथींत आजार दिसेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण 67.5 टक्के होते.

तपासणी कधी करावी?

तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, किंवा चट्टा वा फोड दोन-तीन आठवड्यांत बरा होत नसेल, तर दंतवैद्याला किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ या गैरसमजापायी अनेक जण बायोप्सी टाळतात. प्रत्यक्षात ती बहुधा जागा बधिर करून काही मिनिटांत होते, आणि तिच्याशिवाय निदान पक्के होत नाही.