शाळेतला मोबाइल आणि घरी बसणारी मुलगी

शाळेच्या फाटकावर 'विद्यार्थ्यांनी मोबाइल आणू नये' असा फलक असतो आणि त्याच शाळेचा गृहपाठ संध्याकाळी व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतो. सहलीची सूचना, परीक्षेचं वेळापत्रक, वर्गात शिकवलेल्या धड्याचा व्हिडिओ, सगळं तिथंच. मुलांच्या हातात फोन आपण दिला तो कोरोनाच्या काळात, शाळेच्याच सांगण्यावरून. कुणी उसनवारी करून घेतला, कुणी हप्त्यावर. आता तोच फोन सगळ्या बिघाडाचं मूळ आहे, असं मास्तर पालकसभेत सांगतात आणि आपण माना डोलावतो. फोन वापरायचा कसा, काही वाईट घडलं तर जायचं कुणाकडं, हे मुलांना तेव्हाही कुणी सांगितलं नव्हतं, आजही सांगत नाही.

'असर' या ग्रामीण शिक्षण पाहणीचा 2024 चा अहवाल पाहिला तर 14 ते 16 वयाच्या मुलांपैकी 82 टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो. आधीच्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काही केलेली 57 टक्के, समाजमाध्यमांवर गेलेली 76 टक्के. पण माझी नजर दुसऱ्याच आकड्यावर अडली. फोन वापरता येणाऱ्यांत स्वतःचा फोन असलेली मुलं 36 टक्के, मुली 27 टक्के. म्हणजे मुलगी फोन वापरते तो बहुधा भावाचा, अब्बूंचा, अम्मीचा. तिनं काय पाहिलं, कुणाशी बोलली, हे घरात सगळ्यांना दिसतं. आणि काही चुकलं तर फोन काढून घेणारा हातही घरातलाच असतो.

बंदी हा आपल्याकडचा पहिला उपाय असतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावानं 2022 मध्ये 18 वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरायला बंदी करण्याचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं वेगळी वाट धरली. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद. दोन्ही गावांची बातमी एकाच चवीनं छापली गेली, पण मला त्यात मोठा फरक दिसतो. बांशीचा नियम फक्त मुलांसाठी होता. वडगावचा भोंगा बापालाही लागू आहे. जेवताना रील पाहणाऱ्या बापानं मुलाला मोबाइलचे तोटे सांगावेत, हा विनोद मुलांना कळतो.

दिल्ली उच्च न्यायालयासमोर 2025 च्या सुरुवातीला एका शाळकरी मुलाचं प्रकरण आलं, शाळेत स्मार्टफोन वापरल्याचं. सरसकट बंदी ना योग्य ना व्यवहार्य, असं न्यायालयानं म्हटलं. वर्गात वापर नको, शक्य असेल तिथं शाळेनं फोन जमा करून घ्यावेत, नियम पालक आणि शिक्षकांशी बोलून ठरवावेत, मुलांना ऑनलाइन वागणुकीचं शिक्षण द्यावं, नियम मोडल्यास फोन जप्तही करता येईल. यात अवघड असं काही नाही. तरी एवढं कागदावर लिहून ठेवलेली शाळा आपल्या आसपास किती आहेत, ते मोजून पाहा.

त्याआधीचं एक प्रकरण आपल्या समाजानं मुद्दाम वाचावं असं आहे. केरळात कोझिकोडजवळच्या चेलन्नूर इथल्या महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात रात्री दहा ते सकाळी सहा मोबाइलला मनाई होती. 2019 मध्ये ती वेळ बदलून संध्याकाळी सहा ते रात्री दहा करण्यात आली, म्हणजे नेमकी अभ्यासाची वेळ. फहीमा शिरीन ही बी. ए.ची विद्यार्थिनी हे मानायला तयार झाली नाही, तेव्हा तिला वसतिगृह सोडायला सांगितलं. ती उच्च न्यायालयात गेली. 19 सप्टेंबर 2019 रोजी न्या. पी. व्ही. आशा यांनी निकाल दिला की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या हक्काचा आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, आणि तिला वसतिगृहात परत घ्यायला सांगितलं.

ती महाविद्यालयात होती, सज्ञान होती. आठवीतल्या मुलीला हा निकाल जसाच्या तसा लागू होत नाही, हे मान्य. पण शिस्तीच्या नावानं केलेला नियम कुणाच्या वाट्याला जास्त येतो, हा तिनं विचारलेला प्रश्न शाळेलाही विचारता येतो. आपल्या मोहल्ल्यात तर तो रोज विचारायला हवा.

कारण आपल्याकडं काय होतं, ते सांगतो. नववीतल्या मुलीला अनोळखी नंबरवरून मेसेज येतात. किंवा वर्गातलाच एखादा मुलगा स्नेहसंमेलनातला तिचा फोटो काढून त्यावर काहीबाही चिकटवून ग्रुपवर टाकतो. ती बाईंकडं जात नाही. बाई घरी कळवणार, घरी पहिल्यांदा फोन जाणार, मग ट्यूशन, मग 'दहावीपर्यंत शिकली तेवढं पुरे' असं कुणीतरी मामू नाहीतर चाचा बोलणार, हे तिला पक्कं ठाऊक असतं. गुन्हा दुसऱ्याचा आणि शाळा सुटते तिची. असे किस्से मी एकापेक्षा जास्त गावांत ऐकलेत. पोलिसांत त्यांची नोंद नाही, शाळेच्या दप्तरी तर नाहीच. दाखल्यावर फक्त 'पालकांच्या विनंतीवरून' एवढंच असतं.

मुलीला सुरक्षित ठेवायचं असेल तर शाळेनं पहिला शब्द हा द्यायला हवा की, तक्रार करणाऱ्या मुलीचा फोन जप्त होणार नाही आणि तिला दोषी धरलं जाणार नाही. फिल्टर, पासवर्ड, कॅमेरे हे सगळं त्यानंतरचं.

मुलांचं काय? 'बुल्लीबाई' प्रकरण आपण विसरलेलो नाही. 1 जानेवारी 2022 ला मुस्लिम स्त्रियांचे फोटो एका अॅपवर लिलावाच्या नावाखाली टाकले गेले. त्याच्या सहा महिने आधी 'सुल्ली डील्स' होतंच. मुंबई पोलिसांनी अटक केलेल्यांत अठरा वर्षांची एक मुलगी होती, एकवीस वर्षांचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता. आपल्याला राग आला आणि तो रास्त होता. पण ही पोरं चार-पाच वर्षांपूर्वी कुठल्यातरी शाळेच्या बाकावर बसत होती. स्क्रीनच्या पलीकडं माणूस असतो, हे त्यांना तिथं कुणी शिकवलं होतं का? शाळेच्या इंटरनेट नियमात अश्लील साइटचा उल्लेख असतो. बाईमाणसाची, जातीची, धर्माची टर उडवणाऱ्या ग्रुपचा नसतो.

हे बोट फक्त दुसऱ्यांकडं दाखवून भागणार नाही. जून 2023 मध्ये कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, जिल्ह्यातली इंटरनेट सेवा थांबवावी लागली. स्टेटस हा चोवीस तासांत मिटणारा मामला आहे. त्यावरून दाखल झालेली फिर्याद मिटत नाही. सोळा वर्षांच्या पोराला मिशी फुटायच्या आत पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते आणि पुढं नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी आली की तो कागद पुन्हा वर येतो. मशिदीत, मोहल्ला कमिटीत याची चर्चा दंगल झाल्यावर होते. वर्गात ती आधी व्हायला हवी, सर्व धर्मांच्या मुलांसमोर एकत्र.

आता फिल्टरविषयी थोडं. 2023-24 मध्ये देशातल्या निम्म्याहून थोड्या अधिक शाळांत इंटरनेट होतं. यू-डायसच्या त्या वर्षीच्या आकडेवारीत हे प्रमाण 53.9 टक्के होतं. तिथं संगणक कक्षात नको त्या साइट अडवणारी यंत्रणा बसवली की काम झालं, असं संस्थाचालकांना वाटतं. अमेरिकेनं हा उपाय 2000 सालीच कायद्यानं आणला. शाळेला आणि ग्रंथालयाला इंटरनेटसाठी सरकारी सवलत हवी असेल तर फिल्टर लावा, अशी अट घातली. लहान मुलांसाठी त्याचा उपयोग आहेच, मी नाकारत नाही. पण शब्द पाहून अडवणारं यंत्र वेडगळ असतं. इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना 1996 मध्ये एओएलवर खातंच उघडता येईना, कारण गावाच्या नावातली चार अक्षरं शिवीसारखी होती. आपल्याकडं उलटी गंमत आहे. इंग्रजी शिवी अडते आणि रोमन लिपीत लिहिलेली अस्सल मराठी शिवी खुशाल आरपार जाते. शिवाय मुलाच्या खिशातल्या फोनवर शाळेचा फिल्टर चालत नाही.

काही शाळा दुसऱ्या टोकाला जातात. प्रत्येक मुलाचं लॉगिन, हजेरीचं अॅप, फोटो, आधार क्रमांक, सगळं गोळा करायचं. ते कुठं साठतं हे मुख्याध्यापकांनाही माहीत नसतं. केंद्र सरकारच्या 'दीक्षा' अॅपचं उदाहरण ताजं आहे. जानेवारी 2023 मध्ये उघड झालं की त्यातली दहा लाखांहून अधिक शिक्षकांची आणि सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती कुलूप नसलेल्या सर्व्हरवर पडून होती. सरकारी यंत्रणेचं हे, तर कोपऱ्यावरच्या अॅपवाल्याचं काय सांगावं! त्याच वर्षीच्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आली आहे. ग्रुपवर आलेल्या अॅपच्या लिंकवर 'ओके' दाबण्याआधी, ही माहिती कशासाठी हवी आहे, एवढं विचारायचा आपल्याला हक्क आहे.

माझ्या मते शाळेला एक पानी नियम पुरेत. ते मराठीत असावेत, उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दूतही, आणि आठवी-नववीच्या मुला-मुलींना बसवून लिहून घेतलेले असावेत. मुलं स्वतः नियम करतात तेव्हा ते मोठ्यांपेक्षा कडक करतात, हा शिक्षकांचा नेहमीचा अनुभव आहे. फोन कुठं ठेवायचा, ग्रुपवर काय टाकायचं नाही, दुसऱ्याचा फोटो त्याला न विचारता काढायचा नाही. शिक्षकांसाठीही ओळ हवी: विद्यार्थिनीला रात्री वैयक्तिक मेसेज पाठवायचा नाही, जे सांगायचं ते ग्रुपवर.

आणि काही घडलंच तर काय करायचं, हा भाग सगळ्यांत ठळक अक्षरांत हवा. ज्यांच्याकडं जाता येईल अशा दोन शिक्षकांची नावं, त्यांत एक बाई. चाइल्डलाइनचा 1098. सायबर गुन्ह्यासाठी 1930. अल्पवयीन मुलीचा आक्षेपार्ह फोटो फिरत असेल तर शिक्षकांनी 'पुरावा' म्हणून तो आपल्या फोनवर मागवून घेऊ नये. तो पुढं पाठवणं हाही गुन्हा आहे, आणि असं साहित्य जवळ बाळगण्याबाबतचा कायदा सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2024 मध्ये आणखी कडकपणे स्पष्ट केला आहे. 'टेक इट डाउन' नावाची विनामूल्य सेवा आहे. 18 वर्षांखालील मुलांचा फोटो कुणाला न पाठवता, फोनवरच त्याचा सांकेतिक ठसा तयार करून, तिच्यात सहभागी असलेल्या समाजमाध्यमांवर तो शोधून काढता येतो. शाळेच्या अब्रूसाठी प्रकरण दाबणाऱ्या संस्थाचालकांना हेही कळवावं की पॉक्सो कायद्याखालचा गुन्हा माहीत असून न कळवल्यास शिक्षा आहे.

जूनमध्ये पालकसभा असते. आपल्याकडून बहुतेक वेळा अम्मी जाते, सही करून परत येते. या वर्षी अब्बूंनीही एका दिवसाची मजुरी बुडवून जावं आणि मुख्याध्यापकांना एवढंच विचारावं: माझ्या मुलीचा फोटो उद्या कुणी ग्रुपवर टाकला, तर तुमच्या शाळेत तिनं कुणाकडं जायचं, आणि दुसऱ्या दिवशी ती वर्गात बसलेली असेल ना?