प्रयोगातला उंदीर नर की मादी?

मेंदूच्या गाठीवर किरणोपचार घ्यायला आजऱ्याचा रुग्ण कोल्हापूर किंवा मुंबई गाठतो. उपचारानंतर काहींची स्मरणशक्ती मंदावते. हा परिणाम स्त्री-पुरुषांत सारखाच असतो का? अमेरिकेतील २०१८ च्या संशोधनात अंतराळातील किरणांसारख्या किरणांनी नर उंदरांची स्मृती आणि मिसळण्याची वृत्ती घटली; माद्या बचावल्या. अन्य काही प्रयोगांत माद्यांनाच अधिक बाधा झाली. उंदरांवरून माणसांचा निष्कर्ष काढू नये, उपचार तर मुळीच टाळू नयेत. पण मेंदूविज्ञानाने वर्षानुवर्षे प्रामुख्याने नरच तपासले. अर्ध्या उत्तरावर सर्वांचे उपचार ठरू नयेत. आपल्या प्रयोगशाळांनीही नर-मादीचे निष्कर्ष वेगवेगळे मांडलेच पाहिजेत.