सोन्याचा मुखवटा आणि खापरीवरची हजेरी

१ नोव्हेंबर २०२५ रोजी गिझाच्या पिरॅमिडांजवळ ग्रँड इजिप्शियन म्युझियमचं औपचारिक उद्घाटन झालं. तुतनखामेनच्या थडग्यातल्या पाच हजारांहून अधिक वस्तू तिथे पहिल्यांदाच एकत्र मांडल्या आहेत. तेव्हा मोबाइल उघडावा तर तोच सोन्याचा मुखवटा. मुखवटा सुंदर आहे, वादच नाही. पण प्राचीन इजिप्त म्हटलं की सोनं, ममी, शाप आणि फारो एवढंच आठवावं, याला मात्र माझा विरोध आहे. ज्यांनी राजांची थडगी खोदली आणि रंगवली, त्यांचं स्वतःचं लिखाण आज उपलब्ध आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आधी ते वाचायला हवं.

आपल्या ख्रिस्ती घरांत तर मिसर देश लहानपणापासून ओळखीचा. धर्मशिक्षणाच्या वर्गात तो दोनदा भेटतो. एकदा निर्गमच्या पुस्तकात, गुलामगिरीचा देश म्हणून. आणि एकदा मत्तयच्या शुभवर्तमानात, हेरोदापासून वाचण्यासाठी पवित्र कुटुंबाला आसरा देणारा देश म्हणून. दोन्ही कथा आपल्या श्रद्धेच्या आहेत. पण दोन्हींत साध्या मिसरी माणसाचा चेहरा दिसत नाही. म्हणूनच ‘पिरॅमिड इस्राएली गुलामांनी बांधले’ असं कुणीही बिनधास्त ठोकून देतं. निर्गममध्ये पिरॅमिडचं नावही नाही. तिथे आहेत विटा, आणि पिथोम व रामसेस ही कोठारांची नगरं. गिझाचे दगडी पिरॅमिड इ.स.पू. २६०० ते २५०० च्या सुमाराचे, म्हणजे त्या कथेच्या काळाआधी कित्येक शतकांचे. तिथल्या उत्खननात कामगारांची वस्ती सापडली, भट्ट्या सापडल्या, आणि त्यांची स्वतःची थडगीही. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी मिळाली. तुरा इथल्या खाणीतून चुनखडीचे दगड होडीनं गिझाला कसे नेले, याची नोंद त्यात आहे.

पण माझं मन अडकलं ते दैर अल-मदीना या गावात. आजच्या लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिम तीरावर, राजांच्या दरीत थडगी कोरणाऱ्या कारागिरांचं हे गाव. तटाच्या आत जेमतेम सत्तर घरं. दहा दिवसांचा आठवडा, आणि टोळीचे दोन भाग, डावा आणि उजवा, जहाजावरच्या खलाशांसारखे. पपायरस महाग, म्हणून हे लोक चुनखडीच्या कपच्यांवर आणि फुटक्या मडक्यांच्या खापरांवर लिहीत. असे हजारो तुकडे तिथे सापडले. हिशेब, पत्रं, भांडणं, प्रेमकविता, सगळं त्यांत आहे.

त्यातली एक कपची ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दुसऱ्या रामसेसच्या ४० व्या वर्षातला हा गैरहजेरीचा तक्ता. नावापुढे कारणं लिहिलेली. कुणाला विंचू चावला, कुणाचे डोळे आले, कुणी आईच्या प्रेताला लेप-पट्ट्या करायला गेला, कुणी घरी बिअर गाळत बसला. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचे म्हणून जे लोक परग्रहावरचे वाटत होते, ते हा तक्ता वाचताना एकदम शेजारच्या गल्लीतले होऊन जातात.

दुसरा कागद त्याहून बोलका. तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ११५० च्या सुमारास, या कारागिरांचं धान्य थकलं. त्या काळी पगार म्हणजे धान्यच. त्यांनी हत्यारं खाली ठेवली, तट ओलांडला आणि राजांच्या मंदिरांपाशी जाऊन ठिय्या दिला. भूक आणि तहान आम्हाला इथे घेऊन आली, अंगावर कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, हे फारोला कळवा, असं त्यांचं म्हणणं. लेखी नोंद असलेला हा जगातला पहिला संप मानला जातो. तो पपायरस आज तुरीनच्या संग्रहालयात आहे. फारोच्या राज्यात उपाशी राहणारे मिसरी लोकही होते, हे कळल्यावर निर्गमची कथा लहान होत नाही. उलट, अन्यायाची बाजू कोणती आणि माणसांची कोणती, हे जास्त नीट दिसतं.

आणि नौनख्ते! पाचव्या रामसेसच्या काळात या गावच्या म्हाताऱ्या बाईनं साक्षीदारांसमोर मृत्युपत्र केलं. आठ मुलं वाढवली. ज्यांनी म्हातारपणी विचारलं त्यांना माझ्या वाट्यातलं मिळेल, ज्यांनी पाठ फिरवली त्यांना नाही, असा तिचा निर्णय. एका मुलाला तर काशाचं भांडं जास्तीचं दिलं. इस्टेट बाईची, शब्दही बाईचा.

माझा एक मित्र म्हणतो, ‘हे सगळं ठीक, पण हजेरीपटाला वाङ्मय कसं म्हणायचं?’ प्रश्न रास्त आहे. हजेरीपट ही कविता नव्हे. पण वारसा म्हणजे फक्त जे मुद्दाम टिकवायला केलं तेवढंच का? मुखवटा अनंतकाळासाठी घडवला होता. खापर तर काम झाल्यावर फेकायचंच होतं. माणूस कुणी बघत नसताना कसा बोलतो, ते खापरावर कळतं. कथा-कादंबरीत आपण दुसरं काय शोधतो?

शेवटी एक गोष्ट, खास आपल्यासाठी. दैर म्हणजे अरबीत मठ. इथल्या हाथोर देवीच्या मंदिरात पुढे ख्रिस्ती संन्यासी राहिले, म्हणून गावाला हे नाव. त्यांची कॉप्टिक ही प्राचीन मिसरी भाषेचीच शेवटची अवस्था. शाम्पोलियाँनं १८२२ मध्ये चित्रलिपी उलगडली, तेव्हा त्याला कॉप्टिक येत होती हे फार कामी आलं. बोलण्यातून ती गेली, पण कॉप्टिक चर्चच्या उपासनेत अजून ऐकू येते. संप करणाऱ्या त्या कारागिरांच्या भाषेचा धागा आज वेदीपाशी जिवंत आहे.

म्हणून आपल्या मंडळापुढे माझी सूचना आहे. पुढच्या सत्रात एक बैठक नौनख्तेसाठी ठेवू. तिच्या मृत्युपत्राचं आणि संपाच्या त्या नोंदीचं इंग्रजीवरून मराठी करू आणि मोठ्यानं वाचू. फारोंना त्यांचं म्युझियम मिळालं. नौनख्तेला निदान आपली एक संध्याकाळ देऊ.