न भरणारी टाकी

घराची सेप्टिक टाकी वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही, असे अभिमानाने सांगणारे गृहस्थ रत्नागिरीत दुर्मिळ नाहीत. वस्तुतः ही चिंतेची बाब होय. टाकीत गाळ तळाशी बसतो व वरचे पाणी शोषखड्ड्यात जाते. म्हणूनच दर दोन-तीन वर्षांनी उपसा आवश्यक मानला आहे. जी टाकी उपशाविना चालते, तिचा मैला एकतर न बांधलेल्या तळातून झिरपत असतो, नाहीतर पाण्याबरोबर शोषखड्ड्यात वाहत असतो.

चिकणमातीच्या प्रदेशात असा बिघाड लपत नाही. अंगणात डबके साचते, दुर्गंधी सुटते. येथील सच्छिद्र जांभा मात्र सारे निमूटपणे गिळतो आणि उताराखालच्या विहिरीपर्यंत पोचवतो. तेव्हा नळीतील गुडगुड, शौचकूपात रेंगाळणारे पाणी, ऐन वैशाखात अंगणाचा एखादाच हिरवागार तुकडा, ही लक्षणे दिसली तर ते सुदैवच! आषाढात भूजल चढून पाणी उलटे येऊ लागले की दोष बिचाऱ्या पावसाला दिला जातो.

मैल्याचे सोनखत व्हावे म्हणून अप्पासाहेब पटवर्धन ज्या कणकवलीत झटले, ती तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होती. त्या जिल्ह्यात टाकीचे झाकण फरशीखाली गाडले जावे, हे अजबच. ते आधी मोकळे करावे, आणि पावसाळ्यानंतर शेजाऱ्याच्याही विहिरीचे पाणी तपासून घ्यावे.