परिचारिका घडवायच्या, पण कोणासाठी?

परिचारिकांचा तुटवडा आहे, तेव्हा महाविद्यालये वाढवा, असा सोपा हिशेब मांडला जात आहे. केंद्र सरकारने २०२३ साली १५७ नवी परिचर्या महाविद्यालये उघडण्याची घोषणा केली. त्याच वर्षी १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय आयोगाचा कायदाही संमत झाला. शिक्षणाचा विस्तार स्वागतार्हच आहे. परंतु शिकून बाहेर पडलेल्या परिचारिकेला नोकरी कोण देणार व कोणत्या अटींवर, हा प्रश्न त्या हिशेबात कोठेच नाही.

सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे. सरकारी रुग्णालयातील रात्रपाळी ज्याने पाहिली आहे, त्याला हे प्रमाण कागदावरच राहिल्याचे सांगावे लागत नाही. एकीकडे पदे रिकामी ठेवावयाची आणि दुसरीकडे तुटवड्याची हाकाटी करावयाची, ही विसंगती धोरणातून आलेली आहे. मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातील सरकारी परिचारिकांनी संप केला, तो खाजगी संस्थेमार्फत कंत्राटी भरती करण्याच्या निर्णयाविरुद्धच.

खाजगी क्षेत्राची कथा निराळी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने अगदी लहान रुग्णालयांतही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत, अशी शिफारस केली. शिफारशीला कायद्याचे बळ नसेल तर मालकवर्ग ती मनावर घेत नाही, हा जुनाच अनुभव येथेही आला.

मग शेतकऱ्या-कामगारांच्या ज्या मुलींनी कर्ज काढून हे शिक्षण घेतले, त्यांनी परदेशाची वाट धरली तर दोष कोणाचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाप्रमाणे २०२३ मध्ये जगात सुमारे ५८ लाख परिचारिका कमी होत्या. श्रीमंत राष्ट्रे आपली उणीव गरीब राष्ट्रांतून भरून काढतात. जाणाऱ्या मुलीला अडविणे अन्यायाचे ठरेल. तिला येथे सन्मानाने राहता यावे, अशी व्यवस्था करणे हे शासनाचे कर्तव्य आहे.

म्हणून महाविद्यालयांबरोबरच कायम पदे, वेतनाचा कायदा आणि विद्यार्थिनींना फुकटचे मनुष्यबळ समजण्याच्या प्रथेला बंदी, या मागण्या एकत्रच मांडल्या पाहिजेत. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन मंजूर पदे किती, भरलेली किती व कंत्राटी किती, याचा जाब विचारावा. परिचारिकांचा लढा हा रुग्णांचाही लढा आहे, हे जनतेला पटवून देण्याचे काम तेथूनच सुरू होईल.