जाम झालेला स्क्रू

२०१९ सालच्या ऑगस्टात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांची खूण ओलांडली, हे आपल्यापैकी कित्येकांना आठवत असेल. धोक्याची पातळी ४३ फुटांची. त्या पुरात नदीकाठच्या एका गावी माझ्या मेव्हण्याची मोटार चार दिवस दारातच पाण्यात उभी होती. पाणी उतरल्यावर इंजिनाचे ऑइल बदलले, बसायच्या गाद्या उन्हात वाळवल्या, गाडी चालू झाली आणि घरात पेढे वाटले गेले. मागच्या चाकांचे ब्रेक मात्र कोणी उघडले नाहीत. गॅरेजवाल्याने प्रयत्न केला होता, पण ड्रमवरचा स्क्रू गंजून बसलेला. दोनदा ड्रायव्हर फिरवला, खाच गेली, आणि “चालतंय की, काय होत नाही” म्हणून चाक पुन्हा चढवून दिले.

डिसेंबरात मंडळी गगनबावड्यावरून करूळ घाटाने कोकणात निघाली. अर्ध्या घाटात ब्रेकचे पेडल एकदम खाली गेले. मागच्या एका चाकाचा सिलिंडर आतून गंजून गळू लागला होता. हँडब्रेक ओढला, तर तोही धरेना, कारण तो मागच्याच शूंना दाबतो आणि ते शू गळलेल्या ब्रेक ऑइलने भिजलेले. मेव्हण्याने गियर उतरवत उतरवत गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारीत घातली, म्हणून आज तो हे सांगायला आहे. गाडीत आमची बहीण, दोन मुले आणि सासूबाई होत्या.

तर वाचकहो, आजचा विषय एवढासा स्क्रू. आता खेड्यापाड्यांत जुनी मोटार घेणारी घरे पुष्कळ झाली आहेत. पावसाळाभर गाडी गोठ्याशेजारी उभी राहते आणि खंडेनवमीला हार घालायच्या आधी धुवायला बाहेर निघते. ट्रॅक्टर, इंजिन, मोटारपंप घरी खोलणारा आपला माणूस मोटारीचे चाकही खोलतो आणि या स्क्रूपाशी येऊन अडतो.

आधी तो अडतो का ते पाहू. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज चढतो आणि गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापतो. आट्यांच्या फटीत तो फुगतो आणि पाचर ठोकल्यासारखा बसतो. त्यातून तो ड्रम ब्रेक लावताना तापतो, पाण्यात गेला की निवतो. राधानगरी, शाहूवाडीकडच्या पावसात असे दिवसातून दहा वेळा होते. सगळ्याच गाड्यांना हा स्क्रू नसतो. काहींचा ड्रम मधल्या नटावर असतो, त्याचे काम वेगळे आणि ते मिस्त्रीकडेच द्यावे.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण तिच्यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. चाक काढलेले असताना ड्रम जागेवर राहावा एवढेच त्या स्क्रूचे काम. चाक चढवून नट आवळले की ड्रम त्या नटांनीच धरला जातो. ब्रेकचा भार स्क्रूवर नसतो. म्हणजे तो तुटला, डोके उडवावे लागले, तरी आभाळ कोसळत नाही. हे ठाऊक नसल्याने लोक दोन चुका करतात. बसवताना जीव खाऊन आवळतात आणि निघेना की घाबरून ब्रेक तसाच सोडून देतात. दुसरी चूक घाटात घालते.

त्या स्क्रूच्या डोक्यावर बहुधा अधिकाच्या चिन्हासारखी खाच असते. अमेरिकेतल्या पोर्टलंड गावच्या हेन्री फिलिप्स याने १९३६ साली तिची पेटंटे घेतली, म्हणून तिला फिलिप्स म्हणतात. आपण स्टार म्हणतो. तिच्या भिंती उतरत्या असतात. नुसता पीळ दिला की ड्रायव्हर वर चढतो, निसटतो आणि जाताना खाच खाऊन जातो. म्हणून पहिला पीळ घाईने देऊ नये. मी उमेदवारी करीत होतो तेव्हा उद्यमनगरात एका मिस्त्रींच्या हाताखाली अशीच एक खाच घालवली. मिस्त्री रागावले नाहीत. ड्रिल माझ्या हाती दिले आणि स्वतः चहाला गेले. ती दुपार मला अजून आठवते.

काम सपाट जागी करावे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून हात घालू नये, खाली स्टँड किंवा जाड ओंडका द्यावा आणि काढलेले चाक गाडीखाली आडवे सरकवून ठेवावे. पोरे आसपास नसावीत.

मग तारेच्या ब्रशने स्क्रूचे डोके घासा आणि खाचेतली माती, गंज खिळ्याने कोरून काढा. ड्रायव्हर तळापर्यंत बसला पाहिजे. गंज सोडवणारा फवारा बाजारात मिळतो, तो थोडा मारा. नसेल तर कापसाचा बोळा डिझेलमध्ये भिजवून डोक्यावर चिकटपट्टीने दाबून ठेवा आणि रात्रभर जाऊ द्या. ओतू मात्र नका. तेल आतल्या लायनिंगवर गेले तर ब्रेक धरणार नाही.

सकाळी स्क्रूच्या डोक्यावर पंच ठेवून हातोडीचे पाचसहा सरळ ठोके द्या. ठोक्याने आट्यांतला गंज तडकतो आणि तेलाला वाट मिळते. जे काम पिळाने होत नाही ते धक्क्याने होते. त्यासाठीच इम्पॅक्ट ड्रायव्हर नावाचे जाड दांड्याचे हत्यार असते. त्याच्या डोक्यावर हातोडा मारला की तो एकाच वेळी आत दाबतो आणि थोडा फिरतो, त्यामुळे निसटत नाही. फिरण्याची दिशा उघडण्याकडे लावून घ्यावी, दांडा डावीकडे ताणून धरावा आणि हातोडा बेताचा जड घ्यावा. या वेळी हँडब्रेक ओढलेला ठेवा, नाहीतर ड्रमच फिरेल. हे हत्यार गल्लीतल्या चारपाच घरांनी मिळून घेतले तरी पुरते.

तरीही हलला नाही, तर डोक्याच्या कडेला धारदार छिन्नी तिरकी लावून उघडण्याच्या दिशेने ठोके द्यावेत. तेही जमले नाही तर ड्रिल. डोळ्यांवर चष्मा लावा. मध्यभागी पंचाने खूण करून आधी बारीक बिट, मग स्क्रूच्या दांडीपेक्षा जरा जाड बिट घ्या. डोके उडाले की थांबा, कारण आत हबमध्ये भोक पाडायचे नाही. ड्रम निघाल्यावर दांडीचा जो तुकडा बाहेर उरतो, त्यावरचा ताण गेलेला असतो. तो पकडीने धरून फिरवला की बहुधा हातानेच येतो. गॅसच्या ज्योतीने तापवायचा उद्योग घरी करू नये. शेजारीच रबरी होज आणि सिलिंडर असतात, आणि डिझेल तर तुम्ही स्वतःच लावलेले असते.

स्क्रू निघूनही ड्रम येत नसेल तर आधी हँडब्रेक सोडला का ते पाहा. हसू नका, मी स्वतः अर्धा तास ड्रम ठोकत बसलो आहे. बऱ्याच ड्रमवर दोन आटे पाडलेली भोके असतात. त्यांत मापाचे बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे आवळले की ड्रम स्वतःला बाहेर ढकलतो. लोखंडी हातोड्याने ड्रमच्या कडेवर मारू नये. तो बिडाचा असतो, आणि बीड वाकत नाही, फुटते. ओतकामाच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

आतली काळी धूळ तोंडाने फुंकू नका, हवेच्या पाइपनेही उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे, ते फुप्फुसाला फार घातक, आणि लायनिंग कसले आहे हे बघून कळत नाही. ओल्या फडक्याने पुसा आणि फडके पिशवीत बांधून टाका. मग सिलिंडरच्या रबरी टोपणाची कड बोटाने उचलून पाहा. आत ओल दिसली तर सिलिंडर गळतो आहे. तिथे तुमचे काम संपले, मिस्त्रीला बोलवा. ब्रेक ऑइलला नावातच ऑइल म्हणतात, म्हणून कोणी त्यात इंजिन ऑइल भरतो. तसे केले तर आतली सगळी रबरे फुगतात. झाकणावर लिहिलेलेच ऑइल भरावे.

नवा स्क्रू पाचपन्नास रुपयांच्या आत येतो. त्याच्या आट्यांना उष्णता सोसणारे ग्रीस अगदी बोटाच्या टोकाएवढे लावा आणि हाताने बेताचा आवळा. चाक चढवल्यावर घरातल्या कोणाला तरी बसवून पेडल पाचसात वेळा दाबून घ्या. ते कडक लागले तरच गाडी हलवा आणि पहिली चक्कर शेताच्या वाटेवर, हळू.

आमच्या मेव्हण्याची गाडी आता पावसाळ्यात हँडब्रेक न लावता उभी असते, पहिल्या गियरमध्ये, चाकांना दगड लावून. लावून ठेवला तर शू ड्रमला चिकटतात. ते दगड सासूबाई स्वतः जाऊन पाहतात.

ट्रॉलीच्या चाकांचे पुढच्या खेपेला. ऊस तुटायला लागायच्या आत ते झाले पाहिजे.